मास्तरांनी गाडी उंच केली

माझे सासरे गाडीखालून बोलायचे. वर उभे राहून बोलत नव्हते असं नाही, पण त्यांची मनापासूनची वाक्यं गाडीखालूनच यायची. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अगदी आतल्या कोपऱ्यात, आठ माणसं बसतील अशी त्यांची जुनी डिझेलची गाडी उभी असायची आणि तिच्याखालून पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले असायचे. इमारतीतल्या निम्म्या लोकांना त्यांचा चेहरा नीट ठाऊक नव्हता, पाय ठाऊक होते. ते गेले तेव्हा चेअरमननी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आपले मास्तर गेले.’ नव्या भाडेकरूंपैकी दोघातिघांनी विचारलं, कोण मास्तर? मग कुणीतरी लिहिलं, ‘अहो, गाडीखालचे.’ त्यावर लगेच सगळ्यांचे जोडलेले हात आले.

मला त्यांची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मी वर्ध्याकडचा. आमच्याकडे जावई येणार म्हटलं की शेजारचेसुद्धा शर्ट बदलून बसतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी नवा कुर्ता घालून सासुरवाडीला गेलो, तर पार्किंगमध्येच कोपऱ्यातून आवाज आला, "जावईबापू, आलाच आहात तर तो अठरा-एकोणीसचा पाना सरकवा जरा." त्यांनी मला खालून कसं ओळखलं कोण जाणे. मी पाना सरकवला. मग म्हणाले, "आता हे नुसतं धरून ठेवा." धरून ठेवण्यात कुर्त्याची एक बाही कायमची काळी झाली.

सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या. गुडघ्यांनी त्या तेव्हाच बेजार होत्या.

"अहो, जावयाला गाडीखाली घालता? शोभतं का हे?"

"गाडीखाली गेला म्हणून जावयाचा कुणी परका होत नाही," गाडी म्हणाली.

त्यावर सासूबाईंनी एक तोड काढली. पाहुण्यांसाठी ठेवलेली चांगली, निळ्या पट्ट्यांची सतरंजी त्यांनी खाली पाठवली. जावई जमिनीवर कसा झोपणार? तेव्हापासून दर रविवारी गाडीखाली मी सतरंजीवर आणि बाबा शेजारी टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, असा आमचा मानपान ठरून गेला. चहाही खालीच यायचा. बशीत चिवडा असायचा आणि चिवड्यात वरून गंज पडायचा.

ते भूगोलाचे मास्तर. उभ्या आयुष्यात घाट आणि खिंडी फळ्यावर काढल्या आणि निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता प्रत्यक्ष बघतो. म्हणून ही गाडी, तीही जुनी, कुणाच्या तरी शेतघरावर पडून असलेली. गॅरेजचं त्यांना वावडं होतं. "गॅरेजवाला म्हणजे आपल्या गाडीवर शिकणारा माणूस. शिकायचंच आहे तर मी काय वाईट?" असा त्यांचा सवाल. त्यामुळे ते स्वतः शिकले, आणि शिकताना गाडीचं जे काय व्हायचं ते झालं. एकदा ब्रेक दुरुस्त केले तर हॉर्न बंद पडला. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडे कारण विचारायला ‘का’ पुरतं. दोन अक्षरं वाचवा, आणि तो बल्ब इकडे द्या."

गाडीवर त्यांनी स्वतःच्या मास्तरी अक्षरात पाटी लावली होती: ‘ही गाडी बंद पडलेली नाही. दुरुस्त होत आहे. फरक कळत नसल्यास खाली वाकून विचारावे.’ चेअरमनांचा त्या पाटीवर विशेष राग. कारण वाकण्यासारखी त्यांची तब्येत नव्हती. ते बँकेतून निवृत्त झालेले, अंगानं भरपूर, आणि त्यांची छोटी पांढरी गाडी बाबांच्या शेजारीच लागायची. तिच्यावर ऑइलचा थेंब उडाला की ते वर न जाता पार्किंगमध्येच उभे राहून खोकायचे. नव्या वॉचमननं एकदा मला विचारलं, "साहेब, हे तुमचे कोण?" मी ठोकून दिलं, मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. बाबा तेव्हा गाडीखालीच होते. ते काही बोलले नाहीत, आणि गाडीखाली असून ते बोलले नाहीत असं सहसा व्हायचं नाही.

आता हा माणूस एवढा हट्टाला का पेटला होता, ते सांगायला हवं. नाहीतर नुसता विक्षिप्तपणा वाटेल.

सासूबाईंचं माहेर भोरच्या डोंगरात. बाबा तरुणपणी तिथल्याच शाळेत मास्तर होते, तिथंच लग्न जमलं. चैत्रात गावची जत्रा असते आणि सगळ्या माहेरवाशिणी देवीची ओटी भरायला येतात. गाडी घेतल्यावर पहिल्याच जत्रेला बाबा सासूबाईंना घेऊन थाटात निघाले. गाव हाकेच्या अंतरावर असताना रस्त्यातल्या एका दगडावर गाडीचं पोट बसलं आणि ऑइलचा चेंबर फुटला. सगळं ऑइल रस्त्यावर. शेवटी सासूबाईंचा धाकटा भाऊ बैलजोडी घेऊन आला आणि गाडी बैलांनी ओढत, ऐन जत्रेतून, सगळ्या गावासमोर घरापर्यंत नेली. बाबा आत स्टिअरिंग धरून बसलेले. ज्या पोरांना त्यांनी सह्याद्री शिकवला ती पोरं आता बापई झालेली, ती दोन्ही बाजूंनी चालत विचारत होती, "सर, ह्यो कंचा घाट म्हनायचा?" आणि मेव्हणा म्हणाला, "दाजी, बैलांना वैरण घालतो, गाडीला काय घालू ते सांगा."

त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. पण दाजी त्या दिवसापासून सासुरवाडीला गेले नाहीत. "जाईन तर याच गाडीनं, आणि गाडी आपल्या चाकांवर येईल तेव्हाच," असं त्यांनी जाहीर केलं. एसटी नाही, भाड्याची गाडी नाही, माझी गाडी तर नाहीच.

यात सासूबाईंचं माहेर तुटलं. मी त्यांना एकदा म्हटलं, तुम्ही चला माझ्यासोबत, मी सोडतो. तर म्हणाल्या, "मी एकटी गेले की अख्खं गाव विचारणार, दाजी का नाही आले. काय सांगू? बैलांना भिऊन घरी बसलेत?" नवऱ्याचं हसं नको म्हणून त्या गेल्या नाहीत. दर चैत्रात खण, नारळ, बांगड्या अशी ओटी बांधायच्या आणि गावाकडून मार्केट यार्डात भाजी घेऊन येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवून द्यायच्या. ओटी माहेरी जायची आणि त्या खिडकीत उभ्या राहायच्या. भाऊ दम्यानं थकला होता, त्याचंही इकडे येणं थांबलेलं. एका वर्षी जत्रेआधी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. फोन स्पीकरवर होता.

"ताई, औंदा तरी ये. फुडल्या वर्साचं माझं मला सांगता येत न्हाई."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. बाबा उठून खाली पार्किंगमध्ये गेले. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं की गाडी उंच करायची.

सगळ्यात आधी त्यांनी मेव्हण्याला फोन करून तो दगड मोजायला लावला. मेव्हण्यानं ज्वारीचं धाट लावून मोजला, पण वर हेही म्हणाला, "दाजी, मोजून काय करता? आता डांबरी झालीया. दगड बाजूला पडलाय."

"सरकारी डांबर एका पावसाचं असतं," बाबा म्हणाले. "दगड कायमचा असतो. भूगोल आहे हा."

मग जुन्या बाजारातून सामान यायला लागलं. पुढच्या स्प्रिंगांवर बसवायला जाड चकत्या, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांमध्ये घालायला एकेक जादा पाटा, नवे लांब शॉकअप आणि दांडगे टायर. गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. गंजलेले नट डिझेल पाजूनही हलेनात, तेव्हा पान्याला पाइप लावून आम्ही दोघं लोंबकळलो. मी सतरंजीवर, ते पुठ्ठ्यावर. टायर मोठा झाल्यामुळे स्टेपनी खाली मावेना, म्हणून टपावर कॅरिअर आला. तो चोरीला जाऊ नये म्हणून वेल्डिंगवाल्याला बोलावून पक्का जोडून टाकला.

सासूबाईंसाठी काय काय केलं होतं म्हणून सांगू. त्यांच्या बाजूची सीट बदलून मऊ आणली, पाठीला आधार म्हणून वेगळा लोड शिवून घेतला. समोर छोटा पंखा बसवला. डब्याला, पर्सला, पाण्याच्या बाटलीला वेगवेगळे हूक लावले. नारळ गडगडू नये म्हणून एक कप्पा केला. रस्ताभर बाईला कसलाही त्रास होऊ नये, याचा त्यांनी इतका विचार केला की मला त्या रविवारी त्यांचा चक्क हेवा वाटला. मी माझ्या बायकोसाठी आयुष्यात एक हूक ठोकला नव्हता.

जत्रेचा दिवस उजाडला. बायको ऑफिसच्या कामाला बंगळूरला होती, त्यामुळे सोबत मीच. बाबा पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. त्यांना पायजम्याशिवाय बघायची सवय नसल्यामुळे वॉचमननं त्यांना आधी ओळखलंच नाही. ते रुबाबात गाडीत बसले, गाडी सुरू केली, हातभर पुढे घेतली, आणि वरून कर्र आवाज आला.

पार्किंगमधून बाहेर पडताना वर एक आडवी तुळई आहे. टपावरचा कॅरिअर त्या तुळईला टेकला होता. गाडी पार्किंगमध्येच उंच झाली होती आणि आता पार्किंगमधून बाहेर निघत नव्हती. या माणसानं भोरच्या डोंगरातला दगड धाटानं मोजून घेतला, आणि डोक्यावरची तुळई मोजली नाही.

आम्ही टायरांतली हवा सोडली. बोटभर कमी पडत होतं. बाबांनी खिडकीतून मान काढून वर तुळईकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत वजन पाहिजे. माणसं बसली की स्प्रिंगा दबतात. आठ माणसं लागतील. जावईबापू, तुम्ही विचारलंत तर येतील लोक. मी विचारलं तर नाही येणार."

ते खरं होतं. इमारतीत त्यांचं भांडण झालं नाही असं दार उरलं नव्हतं. मी दार दार फिरलो. रविवारची सकाळ, लोक पोहे खात बसलेले. काय सांगायचं? जरा खाली येऊन सासऱ्यांच्या गाडीत बसता का, जायचं कुठंही नाही, नुसतं बसायचंय? दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी विचारलं, "हे मास्तर तुमचे सासरे? तुम्ही भाडेकरू ना?" हो म्हणालो आणि पुढच्या दाराची बेल दाबली.

लोक आले. फुकटची करमणूक कोण सोडतं? चेअरमन तर लुंगीवरच आले आणि पुढच्या मऊ सीटवर ऐसपैस बसले. "मास्तर, सोसायटीनं तुम्हाला इतकी वर्षं खाली बसवायचा प्रयत्न केला," ते म्हणाले, "आज जमतंय." मागे सगळे खिदळले. बाबांनी गिअर टाकला. गाडी दबली आणि तुळईखालून नखभर फटीनं सरकत बाहेर, फाटकाच्या आतल्या रस्त्यावर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंपानं टायर पुन्हा फुगवले तेव्हा गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर वर गेली. उतरलेली माणसं मात्र घरी जाईनात. ती फाटकापाशीच घोळका करून उभी राहिली, कारण आता मास्तर निघणार होते.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. हिरवं काठापदराचं लुगडं, केसांत गजरा, हातात ओटीची पिशवी. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. त्या दारापाशी आल्या, पिशवी माझ्याकडे दिली, दार उघडलं आणि थांबल्या.

गाडीचा पाय ठेवायचा भाग त्यांच्या मांडीपर्यंत येत होता.

त्यांनी चपला काढल्या, एक हात दारावर, एक हात सीटवर ठेवला आणि पाय उचलायला गेल्या. गुडघा अर्ध्यातच अडला. पुन्हा प्रयत्न केला. वॉचमननं आपलं प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. त्यावर एक पाय ठेवला तर स्टूल डगमगलं आणि त्या घाबरून खाली उतरल्या. मी पुढे झालो, पण करणार काय? त्यांना हाताला धरून, उचलून आत बसवणं सहज जमलं असतं. पण जावयानं सासूला असं चारचौघांत उचलायचं, हे त्यांना मेल्यावरसुद्धा चाललं नसतं. मी हात पुढे करताच त्या चार पावलं मागे सरल्या.

"मास्तर," चेअरमन म्हणाले, "दगड मोजलात. वहिनींना मोजायचं राहिलं."

सगळे हसले. मी त्या घोळक्यात, चेअरमनांच्या मागे उभा होतो. मीही हसलो. आवाज न करता, पण हसलो. आत्ता लिहितानासुद्धा तोंड कुठं लपवावं कळत नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या हलकेच म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्ही जाऊन या. ओटी तेवढी भरा."

बाबा गाडीच्या पलीकडून फिरून आले. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या गुडघ्यांकडे. मला वाटलं आता ते काहीतरी खोचक बोलतील, कुणालातरी गप्प करतील. पण त्यांनी स्टूल पायानं बाजूला सारलं आणि दारासमोर, रस्त्यावर, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात आणि गुडघे टेकून ओणवे झाले.

"पाय ठेव," ते म्हणाले.

"अहो, उठा. काय करताय? लोक बघताहेत."

"त्यांना मीच बोलावलंय. चढ."

"मी नाही तुमच्या पाठीवर पाय देणार."

तशाच अवस्थेत, मान खाली घालून, ते बोलले. सगळ्यांना ऐकू गेलं. "अगं, माझ्या मानापायी तुझं माहेर सुटलं. बैलांनी ओढलं म्हणून काही मेलो नव्हतो मी. तुझ्या भावानं बोलावलंय, आता उशीर करू नकोस. ठेव पाय."

घोळक्यातलं हसू कधी थांबलं, मला सांगता येणार नाही. सासूबाईंनी पदर खोचला. मग जेवढं वाकता येत होतं तेवढं वाकल्या, बोटं नवऱ्याच्या पाठीला लावली, ती आपल्या कपाळाला लावली, आणि अनवाणी पाय त्यांच्या पाठीवर ठेवला. त्या आत बसल्या. मी चपला उचलून आत ठेवल्या.

बाबा उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर, इस्त्रीच्या शर्टावर, अख्ख्या पावलाचा मातकट ठसा होता. रस्त्याची धूळ आणि इतक्या वर्षांचं त्यांचंच सांडलेलं ऑइल. मी म्हटलं, "बाबा, वर जाऊन शर्ट बदलून या." त्यांनी ऐकलं नाही, गाडीत बसले. चेअरमननी पुढे होऊन फाटक पूर्ण उघडलं आणि आम्ही जाईपर्यंत धरून ठेवलं.

रस्ता खरोखरच डांबरी झाला होता, थेट गावापर्यंत. दगड कुठं गेला तेही दिसलं नाही. सासूबाईंनी वाटेत पंखा लावून बघितला, डबा हुकाला अडकवला.

जत्रेच्या गर्दीतून गाडी हळूहळू घरापाशी पोचली. भाऊ काठी टेकत, धापा टाकत बाहेर आला. त्यानं पोरांकडून बाज आणवून दाराला लावली आणि बहिणीला हात देऊन उतरवून घेतलं. दोघं एकमेकांना धरून बराच वेळ रडली. मग त्यानं डोळे पुसले, वळून दाजींकडे आला, पाया पडायला वाकला आणि उठताना त्याला ती पाठ दिसली.

"दाजी, कापड खराब झालं की पार. काय लागलं म्हनायचं?" असं म्हणत तो झटकायला गेला. आजूबाजूला तीच जुनी पोरं, आता केस पांढरे झालेली, उभी होती.

"तुमच्या बहिणीचा पाय आहे," बाबा म्हणाले. "मी गाडी उंच करून ठेवली, तिला चढता येईना. राहू द्या, झटकू नका."

मेव्हण्याचा हात तसाच थांबला. मी गाडीतून ओटीची पिशवी काढत होतो. मला वर बघवेना.